दहा बोटांचा व्हिसा

वहीदन आमच्या गल्लीत आली तेव्हा ती सोळा वर्षांची नवी नवरी होती आणि मला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. आता आम्हा दोघींच्या गुडघ्यांना एकाच वेळी कळ येते, म्हणजे बघा किती काळ झाला. सिंधमधल्या हैदराबादेत, चुडीपाड्याला लागून आमची गल्ली. इथे घराघरात बांगडीचं काम. कारखान्यातून काचेची वेटोळी येतात, तोंडं उघडी असलेली. ती आचेवर धरून वाकडेपणा काढायचा, मग दोन्ही टोकं वितळवून एकमेकांना चिकटवायची. दुकानात बांगडी हातात चढवणाऱ्या बाईला वाटतं, हिला तोंड कधी नव्हतंच. होतं बाई. ते वहीदनने बंद केलं.

सातव्या वर्षापासून ती ज्योतीसमोर बसते आहे. आधी आईच्या घरी, मग सासरी, मग नवरा गेल्यावर भाड्याच्या एका खोलीत. खिडकी बंद, पंखा बंद, कारण ज्योत जरा हलली की काच भलतीकडेच वितळते. संध्याकाळी आमच्या शहरावर असा गार वारा सुटतो की कराचीची माणसं येऊन त्याचं कौतुक करतात. वहीदन म्हणते, "आपा, हैदराबादेचा वारा मी फक्त ऐकलाय."

तिला एकच मुलगी, नाहीद. लग्न होऊन इंग्लंडात ब्रॅडफर्डला गेली. जावई टॅक्सी चालवतो, माणूस बरा, पण घरात दुसरी बाई नाही. दोन वर्षांपूर्वी नाहीदचं पहिलं मूल सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या दिवशी ती पलीकडून रडत होती आणि वहीदन इथे फोन खांद्याने कानाशी दाबून बांगड्या जोडत होती, कारण माल संध्याकाळी परत द्यायचा होता. हे तिने मला नंतर सांगितलं. दोनदा सांगितलं, एखादं पाप सांगावं तसं.

यंदा नाहीदला परत दिवस राहिले. नोव्हेंबरच्या अखेरची तारीख. फोनवर ती म्हणाली, "अम्मी, या वेळी तू ये." वहीदनने हो म्हटलं. हो म्हणताना तिची समजूत अशी, की तिकीट काढलं की झालं.

गल्लीच्या तोंडाला इश्तियाकचं दुकान आहे. झेरॉक्स काढतो, फोटो काढतो, अर्ज भरतो. वर पाटी, 'सर्व देशांचे व्हिसा'. मी त्याला एकदा विचारलं होतं, "व्हिसाशिवाय आपल्या पासपोर्टवर कुठे जाता येतं रे?"

"कब्रस्तानात, खाला."

"तोंड सांभाळ."

"दोन-चार बेटंही आहेत म्हणतात. पण तिथे आपलं कोण आहे?"

त्या इश्तियाकपुढे आम्ही दोघी बाकावर बसलो. वहीदनला अक्षर येत नाही आणि मी चौथीपर्यंत गेलेली, म्हणून तिच्या बाजूची शिकलेली बाई मी. इश्तियाक इंग्रजी अर्ज आमच्या भाषेत विचारत होता.

"खाला, तुम्ही परत येणार याचा पुरावा लागतो. माणूस एकदा गेला की तिथेच राहील अशी त्यांना भीती असते."

"माझं घर इथे आहे की."

"ते भाड्याचं."

"काम इथे आहे."

"कामाचा कागद आणाल? कारखान्याच्या शिक्क्याचा?"

कारखानदार बायकांना कामाचा कागद देत नसतो. कागद दिला की बाई कामाला आहे असं होतं, आणि मग बाकीचं सगळंच द्यावं लागतं. वहीदन बाकावर पुढे सरकली. मग म्हणाली, "माझा नवरा इथे पुरलाय. त्याच्या बाजूला माझी जागा धरून ठेवलीय. ती सोडून मी तिकडे थंडीत मरायला कशाला जाऊ?"

इश्तियाकने मान वर केली. "जागेची पावती आहे?"

होती. त्याने तिचं इंग्रजी करून घेतलं आणि अर्जाला जोडली.

"आता पुढचं. तुम्ही कधी दहशतवादी कृत्यात भाग घेतलाय?"

"असं विचारतात? आणि घेतला असेल तर कोण सांगेल?"

"मी 'नाही' लिहितो. युद्धाच्या काळात लोकांचा छळ केलाय?"

वहीदनने माझ्याकडे पाहिलं. "आपा, सासूचं धरायचं का?"

"तिने तुझा केला. तू तिचा नाही."

"मग नाही लिही, बेटा."

अशी ती पानं दोन दिवस चालली. नातेवाइकांची यादी, खानदानाचा सरकारी दाखला, जावयाचं पत्र, जावयाच्या घराचा कागद, त्या घरात खोल्या किती आणि माणसं किती. शिवाय आमच्या इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला पोलिओचे थेंब घेतल्याचा दाखला लागतो, दूधपित्यालाही आणि बिनदाताच्यालाही. सरकारी दवाखान्यात वहीदनने पोरांच्या रांगेत उभं राहून आ केला. थेंब गिळून म्हणाली, "आता कळलं पोरं का बोंबलतात."

इतकं होईतो सप्टेंबर अर्धा संपला. इश्तियाकने तारीख घेऊन दिली, आणि आम्ही व्हॅनने कराचीला गेलो. व्हिसाच्या कार्यालयात पंखे गार, खुर्च्या गार, आणि सगळी माणसं आपापली पिशवी छातीशी धरून बसलेली. दवाखान्यातसुद्धा लोक एकमेकांशी बोलतात. इथे कोणी बोलत नव्हतं.

वहीदनचा नंबर लागला. काचेच्या मागे एक मुलगी होती, गोड बोलणारी. पुढ्यात एक लहान काचेची पेटी. तिच्यावर चार बोटं ठेवायची, मग दुसऱ्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. वहीदनने चार बोटं ठेवली. पेटीत लाल दिवा लागला. परत ठेवली. परत लाल. मुलीने बोटं ओल्या फडक्याने पुसली, कोरड्याने पुसली, वरून स्वतःचा हात दाबून धरला. लालच.

"अम्माजी, तुमच्या बोटांवर काहीच नाही."

"हो, धुऊन आलेय."

"तसं नाही. रेषा नाहीत."

वहीदनने हात वळवून बोटांची टोकं पाहिली, वाटेत कुठे सांडल्या की काय अशा नजरेने. तिला नवल वाटण्याचं कारण नव्हतं म्हणा. सरकारी ओळखीचं शनाख्ती कार्ड करतानाही असाच घोळ झाला होता, तेव्हा तिथल्या साहेबाने कसंबसं फोटोवर भागवलं होतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांची बोटं अशीच आहेत, काचेसारखी गुळगुळीत. पण तेव्हा कार्डाशी गाठ होती. इथे नोव्हेंबरशी होती.

मुलीने साहेबाला बोलावलं. साहेबाने काम काय करता ते विचारलं, पेटीकडे पाहिलं, वहीदनकडे पाहिलं. म्हणाला, बोटंच नसतील तर माफी असते, पण बोटं असतील तर ठसे द्यावेच लागतात. आचेचं काम महिना-दीड महिना बंद ठेवा, कातडी भरून येते, मग परत तारीख घ्या.

परतीच्या व्हॅनमध्ये वहीदनने दहाही बोटं माझ्यापुढे धरली. मग म्हणाली, "ऐकलंस आपा? नसती तर सोडलं असतं. असून नडली."

इश्तियाकने हिशोब केला तो असा: चाळीस दिवस हात आचेपासून लांब, ऑक्टोबरच्या शेवटी नवी तारीख, व्हिसा यायला तीन आठवडे, नाहीदचे दिवस भरायच्या आधी चार-पाच दिवस वहीदन तिथे. "चाळीस दिवस," तो म्हणाला, "बाळंतिणीसारखे काढा."

"लेकीच्या आधी आईचाच चिल्ला," वहीदन म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती सकाळीच माझ्याकडे यायला लागली. घरी बसली की हात आपोआप ज्योतीकडे जातात म्हणाली. माझ्याकडे येऊन लसूण सोलायला घेतला. मी तो ओढून घेतला, लसणाने कातडी जाते. भांडी घासायला उठली, मी बसवलं. मग ती नुसती बसली. पन्नास वर्षांत ती नुसती बसलेली मी पाहिली नव्हती. उजव्या हाताचं बोट आणि अंगठा एकमेकांवर फिरत राहायचे, काचेची दोन टोकं जुळवल्यासारखे. मी तिच्या हातावर चापट मारायची. ती म्हणायची, "आपा, बसून बसून जेवढी दमले तेवढी काम करून कधी दमले नाही."

रोज दुपारी मी तिला उन्हात नेऊन बोटं बघायची. माझ्या नवऱ्याचा जुना चष्मा त्या कामाला बरा पडायचा. ग्लिसरीन लावायचं, साय लावायची. पंधरा दिवस काहीच नाही. विसाव्या दिवशी मी पोळी भाजत होते, वहीदनने नेहमीसारखा हात घालून ती तव्यावरून उचलली आणि ओरडली, "या अल्ला, भाजलं!"

पोळी जमिनीवर. ही बाई निखारा चिमटीत धरून विडी पेटवून द्यायची नवऱ्याला. मला हसू आलं. "अगं, भाजलं म्हणजे कातडी आली!"

ती हसली नाही. बोट तोंडात धरून उभी होती. "एवढं गरम असतं?" ती म्हणाली. "नाहीद तान्ही होती तेव्हा मी याच हातांनी पाणी बघून तिला न्हाऊ घालायची. ती किंचाळायची. मी म्हणायची, हट्टी आहे पोरगी."

मी दुसरी पोळी टाकली. आणखी काय करणार होते?

तिसाव्या दिवसानंतर रेषा दिसायला लागल्या. आधी करंगळीवर, केसासारख्या बारीक. मग बाकीच्या बोटांवर. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, कोणाला नातवंड झाल्यासारख्या. अंगठे तेवढे अजून कोरेच होते.

आणि इथे माझं चुकलं. ते सरळच सांगते.

तारखेला दोन दिवस उरले होते आणि अंगठे मनासारखे भरले नव्हते. आमच्याकडे भाजलं, तळपाय जळजळले, कातडी सोलली, की मेंदी लावतात. मेंदी थंड असते. माझ्या आईने लावली, तिच्या आईने लावली. मी पानं वाटून गोळा केला आणि वहीदनला म्हटलं, हात पुढे कर.

"वेडी झालीस? विधवा बाई मी. लोक म्हणतील, म्हातारी विलायतेला नवरा करायला निघाली."

"नक्षी कोण काढतंय? औषध आहे. बोटांच्या टोकांना फासते, बस."

नवरा गेल्यापासून तिने मेंदीला हात लावला नव्हता. मी दहाही बोटांची टोकं लिंपली, वर चिंध्या बांधल्या. सकाळी धुतली तर काय सांगू, रंग असा चढला की रेषा न रेषा उठून दिसायला लागली. अंगठ्यावरचीसुद्धा. चष्म्याचीही गरज नाही. वहीदन दारात उभी राहून बोटं उन्हात फिरवत होती. "आपा, आता तर आंधळ्या मशीनलाही दिसतील."

मला स्वतःचं फार कौतुक वाटलं त्या दिवशी.

कराचीला या वेळी काचेमागे एक तरुण होता. वहीदनने हसत दोन्ही हात पुढे केले. त्याने पेटी चालूच केली नाही.

"ही मेंदी कोणी लावली?"

मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"नियमात लिहिलंय, आँटी. बोटांवर मेंदी नको, जखम नको, रंग नको. तारखेच्या कागदावरच आहे."

तो कागद माझ्याच पिशवीत होता. इंग्रजीत. इश्तियाकने वाचून दाखवताना वेळ, पत्ता आणि काय काय आणायचं ते सांगितलं होतं. मेंदीचं त्यालाही सुचलं नसेल. दोन म्हाताऱ्यांना कोण सांगायला जाणार, मेंदी लावू नका म्हणून?

"पण रेषा आल्यात," वहीदन म्हणाली. "बघ तरी, बेटा. चाळीस दिवस बसून आणल्यात."

त्याने खरंच वाकून पाहिलं. "आल्यात, आँटी. छान आल्यात. पण रंग उतरल्याशिवाय मला घेता येत नाहीत."

वहीदनने हात परत ओढणीखाली घेतले.

व्हॅनमध्ये मी म्हटलं, "मला शिवी दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना."

"मेंदी चांगली रंगली," ती म्हणाली. "गडद रंगली की सासूचं प्रेम असतं म्हणतात. म्हातारीला मेल्यावर सुचलं." आणि डोळे मिटून बसली. तिने मला चार शब्द सुनावले असते तर मला झोप तरी लागली असती.

गल्लीत उपायांचा पाऊस. लिंबू चोळा, सोडा चोळा, दात घासायची पेस्ट लावा, वीट घासा. वहीदनने सगळ्यांना हात जोडले. "घासली तर मेंदीबरोबर रेषाही जातील. मग परत चाळीस दिवस." आणि ती परत बसली. या वेळी माझ्याकडे आली नाही. मीच तिच्याकडे जायची. थंड चुलीसारखी ती खोली, कोपऱ्यात तिची ज्योतीची नळी फडक्यात गुंडाळून ठेवलेली. गाल हातावर टेकून ती फोनवर नाहीदला सांगत होती, "होईल गं. कागदाचं काम आहे, होईल." मेंदीचं तिने मुलीला सांगितलं नाही. माझं नाव येईल म्हणून सांगितलं नाही, हे मला माहीत आहे.

रंग टोकांवरून फिका व्हायला जवळजवळ चार आठवडे लागले. नखांवरचा काही हलेना. इश्तियाक म्हणाला, नखांचं चालतं, नखांचे ठसे घेत नाहीत. नोव्हेंबरच्या चोविसाव्या दिवशी आम्ही तिसऱ्यांदा गेलो. परत पहिलीच मुलगी होती. तिने वहीदनला ओळखलं. आठ बोटं एकदम लागली, हिरवा दिवा. अंगठ्यांना सात वेळा दाबावं लागलं. सातव्या वेळी मशीनलाच कंटाळा आला असावा. मुलगी म्हणाली, "झालं अम्माजी." वहीदनने विचारलं, "नक्की?" मग बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तिथेच पाणी प्यायली, अख्खी बाटली.

चौथ्या दिवशी नाहीदला मुलगी झाली.

जावई तिला दवाखान्यात सोडून टॅक्सीवर गेला होता, म्हणजे त्यालाही जावंच लागलं असेल. नाहीद एकटी होती. दोन दिवसांनी एकटीच घरी आली, मुलीला पुढ्यात बांधून. वहीदनचा पासपोर्ट त्या वेळी कुठल्या तरी साहेबाच्या टेबलावर पडून होता, कब्रस्तानाच्या पावतीसकट. इथून ती फोनवर सांगायची, पंजिरीत डिंक किती घाल, सुंठ किती, पोट कसं बांध, मुलीला कुशीवर कशी निजव. पाण्याचं सांगताना म्हणाली, "कोपराने बघ गं. बोटाने नको बघूस." तिकडून उत्तर यायचं, "हो अम्मी." कधी नुसतं मूल रडल्याचा आवाज यायचा आणि फोन बंद व्हायचा.

तीन आठवडे म्हणाले होते, त्याला सहा लागले. पासपोर्ट जानेवारीत आला. आत व्हिसा होता, सहा महिन्यांचा. गल्लीत मिठाई वाटली, इश्तियाकने व्हिसाची झेरॉक्स काढून दुकानात लावली. नाहीदचा चिल्ला त्याच आठवड्यात संपला होता. ज्या चाळीस दिवसांसाठी आईला बोलावलं होतं, ते मुलीने एकटीने काढले होते.

निघायच्या सकाळी मी वहीदनकडे गेले. ती पिशवी भरत होती. लोणचं, रेवड्या, तान्हीला दोन झबली, नाहीदला हिरव्या बांगड्यांचा डबा, फुटू नयेत म्हणून तिच्याच ओढणीत गुंडाळलेला. मी खाटेवर बसले. बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "वहीदन, माझ्या मेंदीने सगळं घालवलं. आता जाऊन तू तरी काय करणार? नहाणं झालं, शेकणं झालं, नाहीद हिंडूफिरू लागली."

वहीदनने पिशवीची चेन ओढली. अर्ध्यात अडकली, तिने परत मागे घेतली, परत ओढली.

"ऐकून घेईन," ती म्हणाली.

"काय?"

"तिने एकटीने कसं केलं ते. पहिल्या बाळाचंही सांगायचं राहिलंय तिचं. ते फोनवर होत नाही, आपा. समोर कोणीतरी बसायला लागतं, रिकाम्या हाताने."

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. वहीदन गुडघ्यावर हात टेकून उठली. मी पिशवीचा एक बंद धरला, तिने दुसरा, आणि आम्ही ती ओढत दारापर्यंत नेली, दोन ठिकाणी थांबून.